दोरो म्हणजे दोरा नव्हे

नवऱ्याला स्ट्रोक आला तेव्हा आम्ही टॉवेलवरून भांडत होतो. ओला टॉवेल पलंगावर टाकायची त्याची सवय लग्नाला चोवीस वर्षं होऊनही गेली नव्हती, आणि त्यावर बोलायची माझी सवयही. लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूम आणि किचन समोरासमोर आहेत, त्यामुळे भांडायला कुणाला जागचं हलावं लागत नाही. मी चहा गाळत बोलत होते, तो दाढी करता करता उत्तरं देत होता. "तू ना, एकदा तरी..." एवढं म्हणून तो थांबला. मी आणखी दोन वाक्यं सुनावली. उत्तर आलं नाही तेव्हा मला वाटलं, आज मी जिंकले. मग पडल्याचा आवाज आला.

ती दोन वाक्यं काय होती ते मी इथे लिहिणार नाही.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. हे सांगायला आलेली डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. इथे डॉक्टर खुर्ची ओढून बसले की बातमी वाईट असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे सवय झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी हातातलं खाली ठेवायचे.

सहाव्या दिवशी तो बोलला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते, कारण उजवीकडे बसलं तर मी त्याला दिसतच नसे. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "दोरो."

मी नर्सला हाक मारायला धावले. परत आले तर तो अजून तेच म्हणत होता. दोरो. मग म्हणाला, सुना. आणि मग, माझ्या डोळ्यांत बघत, एक असा शब्द की तो ऐकून मी कॉटचा कठडा धरला. मला ऐकू आलं, "तुझी."

तुझी. दोन दिवस तो तेच म्हणत राहिला आणि दोन दिवस मी ते वाक्य मनात पुरं करत राहिले. तुझी चूक. तुझी जीभ. तुझी बडबड. मी त्याला म्हटलं, हो रे, माझी. माझीच. तो पुन्हा म्हणाला, तुझी. माणूस मरणाच्या दारातून परत येतो आणि पहिली गोष्ट करतो ती बायकोवर बोट ठेवण्याची, असं माझ्या मनात आलं. मला त्याचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली, आणि तरी राग गेला नाही.

हॉस्पिटलने फोनवर मराठी इंटरप्रेटर दिला. स्पीच थेरपिस्ट म्हणून एक उंच, शांत मुलगी होती. तिने फोन स्पीकरवर टाकून उशीजवळ ठेवला. पलीकडे लेस्टरचे कुणी गृहस्थ होते, आवाजावरून साठीचे. त्यांनी तीन-चारदा ऐकून घेतलं.

"मॅडम, पेशंट क्लिअर बोलत नाहीयेत," ते म्हणाले. "पण मला वाटतं ते दोरा मागतायत. देवाचा गंडादोरा असेल काहीतरी. तुमच्यात बांधतात का?"

"आमच्यात नाही बांधत," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहोत."

"हो का. मग सॉरी हं. आणि दुसरं ते सुना म्हणतायत. म्हणजे सुनांना बोलवा, असं असेल. मुलगे इंडियात असतात का तुमचे?"

थेरपिस्ट माझ्याकडे भाषांतराच्या आशेने पाहत होती. आम्हाला मूल नाही. सतरा वर्षांपूर्वी, तिसऱ्यांदा हॉस्पिटलातून रिकाम्या हाताने परत आल्यावर, आम्ही तो विषय बंद केला होता आणि पुन्हा कधी काढला नव्हता. ज्याला मूलच नाही त्याला सुना कुठल्या? पण मेंदूत काय काय सांडलंय कुणी सांगावं, असं मला वाटलं. कदाचित तिथे, आत कुठेतरी, त्याला मुलगे झाले होते आणि त्यांची लग्नंही झाली होती. मी थेरपिस्टला सांगितलं की इंटरप्रेटरला काही कळत नाहीये.

दोऱ्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही गंडेदोरे बांधत नाही, पण परित्राण पाठाचा पांढरा दोरा असतो, सगळ्यांच्या हातांतून फिरवतात आणि मग मनगटाला बांधतात. त्याच्या आईने त्याला तो परीक्षेच्या वेळी बांधला होता. तेच मागत असेल. रविवारच्या वंदनेला येणाऱ्या, ईलिंगला राहणाऱ्या एक वयस्कर ताई आहेत, त्यांना मी फोन केला. त्या दोन बस बदलून आल्या, पर्समध्ये दोऱ्याची गुंडी घेऊन. पडदा ओढून आम्ही दोघींनी हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. ताईंनी दोरा त्याच्या डाव्या मनगटाला बांधला आणि विचारलं, "हेच पाहिजे होतं ना, बाळा?"

त्याने मनगट तोंडाजवळ नेलं आणि तो दोरा दातांनी तोडला. ताईंनी तुकडा उचलला आणि रुमालात गुंडाळला. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले आणि लिफ्टचं दार बंद झाल्यावर तिथेच भिंतीला डोकं टेकून रडले. इथे कुणी तुम्हाला रडताना विचारत नाही, हे एक बरं आहे.

दहाव्या दिवशी त्याच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसमधले जपानी साहेब भेटायला आले. माझा नवरा तिथे जपानी कागदपत्रांचं इंग्लिश करायचं काम करी. नागपूरला विहारात काही महिने एक जपानी भंते राहायला होते, त्यांची पिशवी उचलता उचलता एकोणिसाव्या वर्षी त्याला या भाषेचं खूळ लागलं. मग पुण्याला क्लास, मग परीक्षा, मग नोकरी, मग इंग्लंड. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. घरात एकाला खूळ असलं की पुरतं, असं मी चारचौघांत म्हणायचे. तोही हसायचा.

साहेब काळ्या सुटात होते, हातात मोत्यांसारख्या मांडलेल्या द्राक्षांची पेटी. कॉटच्या पायथ्याशी उभे राहून ते कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. माझ्या नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझी."

साहेब ताठ झाले.

"त्सुची," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये, "मॅडम, माती."

"काय?"

"त्सुची म्हणजे माती."

"दोरो?" मी विचारलं.

"चिखल."

"सुना?"

"वाळू." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आम्ही एका मशीनचं मॅन्युअल करतोय. दूषित माती धुण्याचं मशीन. हे सगळे शब्द पहिल्या प्रकरणातले आहेत. यांनीच यादी केली होती."

मी हसायला लागले. तुझी नव्हतंच ते. माती होती. तो माझ्यावर बोट ठेवत नव्हता, तो बिचारा चार-पाच दिवस माती, चिखल, वाळू म्हणत होता आणि मी त्याला चूक कबूल करत होते आणि दोरा बांधत होते. मी इतकी हसले की नर्स आली. साहेब घाबरून पुन्हा वाकले.

मराठी गेली होती, इंग्लिश गेलं होतं, आणि आयुष्यात सगळ्यात शेवटी शिकलेली भाषा तेवढी उरली होती, तीही एका प्रकरणापुरती. थेरपिस्ट म्हणाली, असं कधी कधी होतं, का होतं ते कुणी नक्की सांगू शकत नाही. मला हा अन्याय वाटला. चोवीस वर्षं ज्या भाषेत आम्ही भांडलो, ज्या भाषेत मी त्याला सासूबाईंसमोर अहो आणि आत जाऊन तू म्हणायचे, ती एका सकाळीत पुसली गेली आणि माती धुण्याच्या यंत्राचं मॅन्युअल शाबूत राहिलं.

घरी आल्यावर मी त्याची ऑफिसची बॅग उघडली. ती त्या दिवसापासून दारापाशीच होती. आत पोस्टकार्डाहून थोड्या लहान कार्डांचा गठ्ठा होता, रबर लावलेला. एका बाजूला जपानी अक्षर, दुसऱ्या बाजूला उच्चार आणि अर्थ, दोन्ही मराठीत, त्याच्या त्या तिरक्या अक्षरात. मराठीत का लिहिलं असेल? ऑफिसला तर इंग्लिश लागायचं. पण तो म्हणायचा, शब्द आधी घरात आणावा लागतो, मग बाहेर पाठवता येतो. त्सुची, माती. दोजो, शास्त्रवाल्यांची माती. दोरो, चिखल. सुना, रेती. तो वाळू म्हणत नसे, वाचा जाईपर्यंत नागपूरची रेतीच. जारी, खडी. त्याखाली कंसात मुरूम लिहून खोडलेलं. नेन्दो, चिकणमाती. होकोरी, धूळ, आणि पुढे बारीक अक्षरात: 'अभिमानालाही होकोरीच म्हणतात, अक्षर वेगळं. हे तिला सांगायचं.'

ती म्हणजे मी. सांगितलं असेल का त्याने? सांगितलं असेल आणि मी, "भाजीत मीठ बरोबर आहे का ते सांग," असं म्हटलं असेल. आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं.

साहेबांना मी गळ घातली. त्यांनी ते सगळे शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून माझ्या फोनवर पाठवले. मी एअरपोर्टवर परफ्यूमच्या काउंटरला काम करते. तिथे जाता-येता पिकॅडिली लाइनच्या ट्रेनमध्ये इअरफोन लावून मी ते शब्द पुटपुटत बसायचे, पन्नाशीला आलेली बाई, त्सुची, दोरो, सुना. समोरचे लोक जागा बदलायचे. मला जगाची पर्वा उरली नव्हती. त्याच्यापर्यंत जायला एवढी एकच वाट होती, आणि ती चिखलातली होती.

थेरपिस्ट मला सावध करत होती. "हे शब्द बाहेर पडतायत म्हणजे त्यांना तेच म्हणायचंय असं नाही," ती म्हणे. मी ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्डं काढायचे. आणि मला दिसायला लागलं. त्याला गिळता येत नव्हतं, म्हणून पाण्यात पावडर घालून ते घट्ट करून चमच्याने देऊन पाहत. ते तोंडात गेलं की तो म्हणे, दोरो. बरोबरच होतं, चिखलच होता तो. तोंड कोरडं पडलं की सुना. जिभेवर रेती. मी ओला स्पंज त्याच्या ओठांवर फिरवला की सुना बंद व्हायचं. मी चार दिवस वहीत वेळा लिहून थेरपिस्टला दाखवल्या. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "तुम्ही बरोबर आहात." शाळेत पहिला नंबर आल्यावरही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

म्हणजे तो आत होता. पूर्ण होता. त्याच्याकडे फक्त पंधरा-वीस शब्द होते, सगळे मळके, आणि त्यांतून तो जेवढं जमेल तेवढं सांगत होता.

त्या गठ्ठ्यात एक कार्ड होतं, त्याच्यावर एकाच अक्षराखाली दोन उच्चार लिहिले होते. योगोरे: मळ, डाग. केगारे: विटाळ. आणि खाली: 'लिहायला एकच. योगोरे वाचलं तर धुतलं जातं. केगारे वाचलं तर...' पुढे रिकामं. त्याच्या वडिलांना गावात कोणत्या विहिरीपासून किती लांब उभं राहावं लागे, हे त्याने मला लग्नाआधी एकदाच सांगितलं होतं. त्याने ते वाक्य का सोडून दिलं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कपडे खराब झाले की तो योगोरे म्हणायचा, डोळे मिटून. नर्स यायच्या, हसतमुखाने, दोन मिनिटांत सगळं आवरायच्या. एका दुपारी त्या दुसऱ्या पेशंटकडे अडकल्या होत्या, म्हणून मीच हातमोजे घातले. मी पुसायला लागले तर त्याने डाव्या हाताने माझा हात ढकलला आणि म्हणाला, "केगारे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो पुन्हा म्हणाला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून.

मी संतापले. आजारी माणसावर संतापू नये हे मला कळतं, पण मी संतापले. "तो शब्द आपल्या घरात चालत नाही," मी म्हटलं. "तुझ्या बापाने तो घराबाहेर काढला. विहारात उभा राहून काढला. आणि तू इथे, या देशात, या पांढऱ्या चादरीवर, स्वतःला तो म्हणतोस? माझ्यासमोर? हा मळ आहे. योगोरे आहे. बघ, गेला." मी टिश्यू त्याला दाखवून पिशवीत टाकला. शेजारच्या कॉटवरचे म्हातारे इंग्लिश गृहस्थ पेपर तोंडासमोर धरून बसले. माझा नवरा रडत होता. त्याच्या चेहऱ्याची एकच बाजू रडत होती.

नाकातली नळी तो सारखी उपसून काढायचा. तीतून त्याला दूध जायचं, औषधं जायची. चार वेळा काढली, चार वेळा घातली, प्रत्येक वेळी एक्स-रे. मग त्याच्या चांगल्या हाताला बॉक्सरसारखा जाड मोजा घातला. पाचव्यांदा त्याने ती गुडघ्यात धरून काढली. ते कसं जमवलं कुणाला कळलं नाही. मला त्याही स्थितीत त्याचं थोडं कौतुक वाटलं.

डॉक्टरने खुर्ची ओढली. नाकातली नळी अशी फार काळ ठेवता येत नाही, ती म्हणाली. दोन वाटा आहेत. एक, पोटातून थेट जठरात नळी बसवायची, छोटं ऑपरेशन, मग तो तिच्यावर कितीही दिवस राहू शकेल. दोन, नळी नको, तोंडाने जेवढं जाईल तेवढं द्यायचं आणि त्याला आरामात ठेवायचं. आरामात ठेवणं म्हणजे काय हे मला कळायला दोन मिनिटं लागली.

"ते सारखी नळी काढतात," डॉक्टर म्हणाली. "नाक दुखतं म्हणून काढत असतील. किंवा ते त्यांचं मत असेल. ते स्वतः सांगू शकले तर आम्ही आधी त्यांचं ऐकू. शुक्रवारी जपानी इंटरप्रेटर घेऊन विचारून बघू."

बुधवारी मी कार्डं घेऊन बसले होते. एकेक दाखवायची, तो म्हणायचा, मी खाली ठेवायचे. एक कार्ड आलं, राखेचं. राख म्हणजे जपानीत हाइ. आणि हो म्हणजेही हाइ. साहेबांनी रेकॉर्डिंगमध्ये ते मुद्दाम दोनदा म्हणून दाखवलं होतं. हो म्हणताना आवाज वरून खाली येतो, राख म्हणताना खालून वर जातो. मॅडम, याच्यात नेहमी गोंधळ होतो, असं ते म्हणाले होते. मी ट्रेनमध्ये ते एकच रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं होतं, कारण मला त्याच्याकडून हो हवं होतं.

त्याने ते कार्ड माझ्या हातातून घेतलं. मोजा मी काढून ठेवला होता. त्याने ते छातीवर पालथं ठेवलं, वर हात ठेवला आणि म्हणाला, हाइ. खालून वर.

"बरोबर," मी म्हटलं, "राख. आता दे." त्याने दिलं नाही. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मग मी मोजा परत घातला आणि घट्ट बांधला. हे मी थेरपिस्टला सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही.

शुक्रवारी डॉक्टर, थेरपिस्ट, मी, आणि फोनवर एक जपानी बाई. तिचा आवाज फार गोड होता आणि लाइन फार खराब. थेरपिस्टने चित्रं आणली होती, पोटाचं, नळीचं. इंटरप्रेटरने सावकाश विचारलं, साध्या शब्दांत. तो ऐकत होता. त्याला कळत होतं, मी शपथेवर सांगते की त्याला सगळं कळत होतं. शेवटी तिने प्रश्न विचारला. पोटात नळी बसवायची का?

त्याने डॉक्टरकडे पाहिलं नाही, फोनकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"हाइ."

खालून वर.

मग पुन्हा म्हणाला, सावकाश, प्रत्येक स्वर वेगळा करून, मठ्ठ विद्यार्थ्याला सांगावं तसं. नागपूरला तो शिकवण्या घ्यायचा तेव्हा असाच बोलायचा, न चिडता.

फोनवर खरखर झाली. इंटरप्रेटर म्हणाली, "त्यांनी हाइ म्हटलं. त्याचा अर्थ हो. पण मला स्वर नीट ऐकू येत नाहीये. हाच उच्चार असलेला दुसराही शब्द आहे, त्यामुळे मी खात्रीने सांगू शकत नाही. जवळ कुणी आहे का ज्यांना त्यांचं बोलणं समजतं?"

डॉक्टर माझ्याकडे वळली. थेरपिस्टही. ती हसत होती, धीर द्यायला. तिच्याकडे माझी चार दिवसांची वही होती. त्या इमारतीत त्याच्या बोलण्याची एकच जाणकार होती आणि तिला पहिला नंबर मिळालेला होता.

मी म्हटलं, "हो म्हणाला तो."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मान फिरवली. डावीकडे मी होते, म्हणून त्याने ती उजवीकडे फिरवली, जिकडे त्याला काहीच दिसत नाही.

मला कुणी वाईट म्हणेल. म्हणू दे. मी त्याच्या जागी असते तर मलाही नळी नको असती, हे मला माहीत आहे, आणि त्याने माझ्यासाठी खरं भाषांतर केलं असतं हेही मला माहीत आहे. तो शब्दाशी कधी खोटं वागला नाही. एका शब्दासाठी तो ऑफिसात वरिष्ठांशी भांडून यायचा. मी त्याच्यासारखी नाही. मला तो हवा होता. मळलेला, मुका, एका बाजूचा, कसाही. रिकाम्या फ्लॅटची मला इतकी भीती वाटत होती की त्या भीतीपुढे त्याचं मत मला दिसलंच नाही, असं मी म्हणू शकले असते. पण ते खरं नाही. मला दिसलं.

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी तो घरी आला. हॉलमध्ये हॉस्पिटलची कॉट बसवली आहे, खिडकीपाशी, तिथून विमानं उतरताना दिसतात. सकाळी आठला नळीला दुधाची पहिली पिशवी लावते, मग कामाला जाते. मी नसते तेव्हा केअरर असते. त्याचं वजन वाढलंय. गाल भरलेत. बघायला येणारे म्हणतात, चेहऱ्यावर तेज आलंय हो, तुम्ही फार केलंत.

जुनी थेरपिस्ट हॉस्पिटलचीच, ती तिथे राहिली. घरी येते ती नवी आहे, केसांत राखाडी बट असलेली, प्रेमळ. तिच्या फाइलमध्ये त्याच्या शब्दांची यादी आहे: माती, चिखल, वाळू, धूळ, असे पंधरा-वीस, आणि हो. नाही म्हणजे जपानीत ईए, तेही इंटरप्रेटरने लिहून दिलेलं आहे, पण ते तो कधी म्हणत नाही. परवा ती आली तेव्हा मी पिशवी लावत होते. नळीचं टोक हातात घेतलं तसा तो म्हणाला, "इया."

ती पेन घेऊन पुढे झाली. "हा नवा आहे. हा यादीत नाही."

हा शब्द मला कार्डावरून शिकावा लागला नाही. घरात मला माहीत असलेला तो एकच जपानी शब्द होता. भांडी घासायला सांगा, दळण आणायला सांगा, माझ्या मावशीला फोन करायला सांगा, तो सोफ्यावर पाय पसरून म्हणायचा, इया. लहान मुलं म्हणतात तसं. नको. मला नाही करायचं.

"इया," तो पुन्हा म्हणाला.

"याचा अर्थ काय?" तिने विचारलं.

मी नळी जोडली, क्लिप उघडली, दूध खाली उतरायला लागलं का ते पाहिलं.

"गाळ," मी म्हटलं. "मातीचाच शब्द आहे."

तिने मला स्पेलिंग विचारलं आणि यादीत लिहून घेतलं.